कोळंबीचं कूळ कसं ओळखायचं?

१७९८ साली तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे बसले. त्याच वर्षी डॅनिश कीटकतज्ज्ञ फाब्रिसियस यांनी ‘पिनीअस’ ही कोळंबीची प्रजाती मांडली. तेव्हा खेकडे-कोळंबीही कीटकांतच जमा होत! फाब्रिसियस यांचे काही नमुने तंजावरजवळच्या तरंगमबाडी या डॅनिश ठाण्यातून गेले होते.

आपल्या बाजारातली वाघ कोळंबी या पिनीअसांपैकीच. तिच्या कुळाचं खोल समुद्रातलं भावंड-कूळ म्हणजे ‘अरिस्टिइडी’. दक्षिण भारताच्या किनाऱ्यापुढे शेकडो मीटर खोल राहणारी लालभडक ‘अरिस्टिअस अल्कॉकाय’ याच कुळातली. ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरचे डॉक्टर-निसर्गतज्ज्ञ अल्कॉक यांचं नाव तिला १९३८मध्ये मिळालं. तांबडा प्रकाश तिथवर पोचतच नाही. त्यामुळे ती अंधारात दिसेनाशी होते.

पण रंगावरून कूळ ठरत नाही. दोन्ही कुळांत पायांच्या पहिल्या तीन जोड्यांना चिमटे असतात, कल्ले फांद्यांसारखे असतात आणि माद्या अंडी पोटाशी न धरता पाण्यात सोडतात. अरिस्टिइडींची खूण मिशांत आहे: लहान मिशांच्या जोडीतला वरचा धागा अगदी आखूड, खालचा लांबलचक.

पुढच्या वेळी कोळंबी सोलण्याआधी तिच्या लहान मिशा जरूर पाहा.