चाक किती बाहेर काढावं?

कंपनीतून आलेल्या बहुतेक गाड्यांची चाकं मडगार्डच्या आत दडलेली असतात. चिखल दारांवर उडू नये, पूर्ण वळवताना टायर कुठे घासू नये, माणसांनी भरलेली गाडी खड्ड्यात दबली तरी जागा उरावी, असा त्यामागचा विचार. तरी गाडी अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते खरी, आणि मालक नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेसर शोधत फिरतो. स्पेसर म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. १५ मिलिमीटरची जोडी लावली, की दोन चाकांमधलं अंतर ३० मिलिमीटरनं वाढतं.

दुकानात पहिला प्रश्न जाडीचा निघतो. खरं तर तो शेवटचा. आधी पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, आणि मधल्या भोकाचं माप जुळायला हवं. स्विफ्टला चार नट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ आणि ५४.१ मिलिमीटरचं भोक. पोलोला वर्तुळ तेवढंच, पण बोल्ट पाच आणि भोक ५७.१ चं. भोक हबवर नेमकं बसलं तर चाक आपोआप मध्यावर येतं. ढिलं असेल तर काम नटांच्या भरवशावर होतं आणि वेग वाढला की स्टीअरिंग थरथरू लागतं. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून विकला जाणारा, लांबट भोकांचा स्पेसर हातात आला तर परत ठेवावा.

जाडी ठरवायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सपाट जागी मडगार्डच्या कडेवरून तो सोडायचा आणि दोरीपासून टायरच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर मोजायचं. मिळेल त्यातले निदान पाच-सात मिलिमीटर सोडून द्यायचे. पुढच्या चाकांना जास्तच, कारण ती वळतात. रिमच्या आत ‘ईटी ४५’ असा आकडा कोरलेला असतो, तो ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. १५ चा स्पेसर लावला की तो ३० झाल्यासारखा होतो. नवे अलॉय घ्यायचेच असतील तर कमी ऑफसेटचे घ्यावेत आणि स्पेसरचा विषय मिटवावा, असं माझं मत आहे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र दुकानात क्वचितच बोलली जाते. चाक नटांवर लोंबकळत नसतं. नट रिमला हबवर इतक्या जोरानं दाबून धरतात, की गाडीचं वजन आणि ब्रेकचा झटका त्या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणावर पेलला जातो. स्पेसर आला की एका सांध्याचे दोन होतात. मध्ये गंज, रंगाचा थर किंवा मातीचा कण राहिला, तर पन्नासेक किलोमीटरमध्ये तो दबतो आणि घट्ट आवळलेला नट सैल पडतो. म्हणून हब तारेच्या ब्रशनं चकचकीत करायचा. कोकणात खाऱ्या हवेत लोखंडी हब आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून बसतात, तिथे हे काम दरवर्षी करावं लागतं.

पातळ स्पेसर मूळ स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर, नुसता सरकवतात. तो स्टडची लांबी खातो. १२ मिलिमीटरच्या स्टडवर नटाचे आटे निदान तेवढ्याच लांबीवर पकडले पाहिजेत. सव्वा मिलिमीटरच्या आट्यांवर ते नऊ-दहा फेरे होतात. कमी भरले तर लांब स्टड बसवायचे. पोलोसारख्या बोल्टवाल्या गाडीत स्पेसर जितका जाड, तितकाच बोल्ट लांब हवा. २० मिलिमीटरच्या पुढच्या स्पेसरला बहुधा स्वतःचे स्टड असतात. तिथे गाडीचे मूळ स्टड चकतीबाहेर डोकावले आणि रिमच्या पाठीला त्यांच्यासाठी खोबणी नसली, तर रिम टेकल्यासारखं दिसतं पण टेकत नाही. चाक निखळण्याचं कारण असंही असतं.

नट चांदणीच्या क्रमानं, टॉर्क रेंचनं, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळायचे. पान्यावर उभं राहून नाही. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरमध्ये आतले नटही, म्हणजे चाक काढून.

बेअरिंगवर भार वाढतो तो वेगळाच. भरलेली बादली अंगालगत धरणं आणि हात लांब करून धरणं, यांत जो फरक, तोच. ३० मिलिमीटरच्या हौसेची किंमत बेअरिंग चुकवतं.

कायद्याचंही पाहावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही हा मुद्दा निघू शकतो. तेव्हा पैसे देण्याआधी आरटीओत विचारा. आणि नट किती आटे धरतो हे विचारल्यावर दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणाला, तर गाडी तशीच घरी आणा.