फुटबॉलचे गुरुवर्य आमोस अलोंझो स्टॅग

आपल्याकडे फुटबॉल म्हटले म्हणजे पायाने मारावयाचा वाटोळा चेंडू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत याच नावाचा खेळ अगदी निराळा आहे. तेथील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचे, आणि प्रतिपक्षाच्या अकरा गड्यांनी पळणाऱ्यास धरून खाली पाडावयाचे, असा हा दांडगा खेळ आहे. तेथील बहुतेक मोठ्या कॉलेजांत या खेळाचा एक मुख्य शिक्षक असतो. गडी निवडणे, त्यांची शरीरे कमावून घेणे, डावपेच आखणे ही त्याची कामे होत. सामने जिंकले तर त्याचा जयजयकार; दोनचार हंगाम हरले की त्याची उचलबांगडी! अशा अस्थिर पेशात साठांहून अधिक वर्षे मानाने घालविणाऱ्या एका शिक्षकाची ही हकीकत आहे.

आमोस अलोंझो स्टॅग यांचा जन्म १८६२ साली न्यू जर्सी प्रांतात एका गरीब चांभाराच्या घरी झाला. येल येथे शिकत असता ते बेसबॉल व फुटबॉल या दोन्ही खेळांत नावाजले. धर्मोपदेशक व्हावे म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला. परंतु आपणांस वक्तृत्व साधत नाही, असे त्यांस दिसून आले. पैसे घेऊन बेसबॉल खेळण्याची आमंत्रणे आली, ती त्यांनी नाकारली. तरुणांचे शील घडविण्यास व्यासपीठाप्रमाणे मैदानही उपयोगी पडेल, असा विचार करून त्यांनी हा मार्ग पत्करिला.

१८९२ साली नव्याने उघडलेल्या शिकागो युनिव्हर्सिटीत त्यांस प्राध्यापकवर्गात जागा मिळाली. खेळाच्या शिक्षकास असा मान देणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. तेथे त्यांनी ४१ हंगाम काढिले. १९०५ साली त्यांच्या गड्यांनी मिशिगनचा २–० असा पराभव केला. तत्पूर्वी मिशिगनचा संघ ५६ सामने अजिंक्य राहिला होता. स्टॅग स्वतः मद्य व तंबाखू यांस शिवत नसत आणि मुखावाटे अपशब्द काढीत नसत. फार रागावले तर गड्यास 'गाढव' म्हणत. त्याहून रागावले तर 'दुप्पट गाढव'!

पुढे कसोटीचा प्रसंग आला. वयास सत्तर वर्षे झाली तेव्हा युनिव्हर्सिटीने निवृत्तीच्या नियमावर बोट ठेविले, आणि १९३२ च्या हंगामानंतर त्यांस मैदान सोडावे लागले. सल्लागाराची बैठी जागा देऊ केली होती. ती त्यांनी घेतली नाही. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक नामक लहानशा कॉलेजात जाऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ केला. तेथील १४ हंगामांत जिंकलेल्या सामन्यांहून हरलेले अधिक. तथापि १९४३ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचेच सहशिक्षक त्यांस वर्षातील उत्तम शिक्षक म्हणून निवडिते झाले. १९४६ साली तेही काम सुटले. तेव्हा पेनसिल्व्हेनियातील एका लहान कॉलेजात त्यांचा पुत्र हेच काम करीत होता, त्याच्या जोडीस ते गेले. नव्वदी उलटल्यावरही कॅलिफोर्नियात ते मुलांस चेंडूस लाथ मारण्याचे कसब शिकवीत असत. १९६५ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, ते निवर्तले.

मुख्य शिक्षक या नात्याने त्यांच्या नावावर ३१४ विजय आहेत. हा आकडा १९८१ साली पॉल ब्रायंट यांनी ओलांडिला. आकडे हे असे मागे पडावयाचेच. परंतु मोठे पद गेले असता लहान जागी तितक्याच निष्ठेने उभे राहण्याचा जो धडा स्टॅग यांनी घालून दिला, तो मागे पडणारा नाही. बालमित्रहो, सामना हरून परत याल त्या दिवशी त्यांचे स्मरण करा. आणि पालकांनी मुलास 'जिंकलास काय?' असे विचारण्यापूर्वी 'नीट खेळलास ना?' असे विचारावे.