कविता, चहा आणि आठवणींची वही
घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १० जण शहीद झाले. बातम्यांत आकडा उरला. त्या सकाळी घरोघरी काय घडले, ते आजी-आजोबांच्याच स्मरणात आहे.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) लिहिले. मित्रांनो, अशी नोंद आपल्या घरातूनही सुरू होते.

रविवारी चहा करा, मोबाईल बाजूला ठेवा. वामनदादा कर्डकांचे एखादे गीत सावकाश वाचा, पाच मिनिटे गप्प बसा. थेट विचारले तर माणूस कधी कधी ऐकलेली बातमीच सांगतो; गीतातल्या एखाद्या शब्दाने स्वतःचे पाहिलेले आठवू शकते. ते त्यांच्याच शब्दांत, तारीख टाकून वहीत लिहा. नको म्हणाले, तर नुसता चहा घ्या.