नायट्रॅझेपाम

बेंझोडायाझेपीन गटातील एक निद्राकारक औषध. ते फिकट पिवळ्या स्फटिकी चूर्णाच्या स्वरूपात असून पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. त्यामुळे ते गोळीच्या रूपात पोटात घेण्यासाठी देतात. निद्रानाशावरील उपचारासाठी योजिलेले हे औषध छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात नशेसाठीही घेतले जाते. तेथील बोलभाषेत अशा गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. पोलीस व अन्न आणि औषध प्रशासन यांनी शहरात त्यांचे साठे वेळोवेळी जप्त केले आहेत.

लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञांच्या संशोधनातून या गटातील पहिले औषध, क्लोरडायाझेपॉक्साइड, १९६० मध्ये वापरात आले. त्यामागून १९६३ मध्ये डायाझेपाम व १९६५ च्या सुमारास नायट्रॅझेपाम आले. त्यापूर्वी झोपेसाठी बार्बिच्युरेटे देत. त्यांची उपचारमात्रा व प्राणघातक मात्रा यांत अंतर थोडे असल्याने मृत्यू पुष्कळ होत. नवी औषधे एकेकटी घेतल्यास त्या मानाने बरीच सुरक्षित ठरली. मात्र त्यामुळे ती निर्धोक आहेत असा समज पसरला, तो चुकीचा होता.

मेंदूतील गामा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल हा पदार्थ तंत्रिका कोशिकांचे उद्दीपन रोखतो. त्याच्या ग्राहींवर हे औषध निराळ्या जागी बसते व त्या अम्लाचा परिणाम वाढविते. क्लोराइड आयनांचे मार्ग अधिक वेळा उघडून कोशिका शांत होतात. शामक, निद्राकारक, आकडीरोधक व स्नायुशिथिलक असे चारही परिणाम यातूनच उद्‌भवतात. औषधाचा चयापचय यकृतात होतो. रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे २४ तास लागतात, वृद्धांत याहून अधिक. त्यामुळे रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशीही राहते व वाहन चालविणे धोक्याचे होते.

प्रौढांस निजतेवेळी ५ मिग्रॅ., क्वचित १० मिग्रॅ. देतात, वृद्धांस त्याच्या निम्मी मात्रा पुरते, कारण तोल जाऊन पडणे व त्यातून मांडीचे हाड मोडणे हा त्यांच्या बाबतीत नेहमीचा धोका आहे. उपचार थोड्या आठवड्यांपुरताच असावा. अर्भकांतील एका प्रकारच्या आकडीवरही हे औषध देतात. परंतु त्याने लाळ व श्वासनलिकांतील स्राव वाढत असल्याने काळजी घ्यावी लागते. तीव्र श्वसनविकारात व झोपेत श्वास अडकण्याच्या विकारात ते वर्ज्य आहे.

काही आठवड्यांच्या नियमित सेवनानंतर शरीराला औषधाची सवय होते. पूर्वीच्या मात्रेने झोप येत नाही व मात्रा वाढवावी लागते. अशा स्थितीत ते एकाएकी बंद केल्यास निद्रानाश पूर्वीहून बळावतो, कंप व भयग्रस्तता येते आणि प्रसंगी आकडीही येते. म्हणून मात्रा आठवड्यागणिक थोडथोडी कमी करावी लागते. चोरट्या विक्रीचा पुरवठा अचानक तुटल्यावर व्यसनी तरुणास नेमका हाच धोका संभवतो. साठा जप्त करणे आवश्यकच आहे. पण त्याबरोबर उपचाराची सोय नसेल, तर ते काम अर्धेच राहते.

भारतात हे औषध १९८५ च्या गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते घेण्यास मनाई नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील २०१३ च्या सुधारणेने ते ‘एच-१’ अनुसूचीत घातले गेले असून विक्रेत्याने डॉक्टर व रुग्ण यांची नावे आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते.

सर्वांत मोठा धोका मिश्रणाचा आहे. मद्य किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांबरोबर या गोळ्या घेतल्यास दोन्हींचे परिणाम एकमेकांत भर घालतात व श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. बेशुद्ध व्यक्तीस कुशीवर निजवून तातडीने रुग्णालयात न्यावे, तोंडात पाणी वा अन्य काही घालू नये. रुग्णालयात मुख्य उपचार श्वसनमार्ग मोकळा ठेवणे व श्वसनास आधार देणे हा असतो. फ्लुमाझेनिल हा या गटाचा उतारा उपलब्ध आहे. परंतु त्याचा परिणाम नायट्रॅझेपामच्या परिणामाआधीच ओसरतो व रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. शिवाय दीर्घकाळ सवय असलेल्या रुग्णांत त्यामुळेच आकडी येण्याचा संभव असल्याने ते सरसकट देत नाहीत.