अर्धं डोकं, अर्धी झोप

नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठायचं, डोक्यावरून न्हायचं, रिकाम्या पोटी देवदर्शनाला जायचं आणि येताना फटाक्यांचा धूर खायचा. अर्धशिशीच्या माणसाला आडवं करायला याहून नेमका बेत सुचणार नाही. न्हाण्याचं गमतीनं म्हणत नाही. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली, डोक्यावरून न्हाल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आहेत.

चरकसंहितेत या दुखण्याचं नाव अर्धावभेदक. त्याच्या कारणांत ‘वेग’, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी, अडवणं येतं, आणि अडवू नयेत अशा तेरा वेगांत भूक, तहान, जांभई, अश्रू यांच्याबरोबर झोपही आहे. हरतालिकेला यातल्या निदान तिघांना आपण एकाच रात्रीत अडवतो.

२०१६ साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी अर्धशिशीच्या एकाच रुग्णाच्या मेंदूचं महिनाभर रोज स्कॅनिंग केलं. डोकं दुखायच्या आधीच्या चोवीस तासांतच हायपोथॅलॅमसचं वागणं बदललेलं दिसलं. मेंदूच्या तळाशी असलेला हा इवलासा भाग झोप, भूक, तहान सांभाळतो आणि घाबरल्यावर शरीराची जी धावपळ होते तीही चालवतो. तेव्हा ‘काल जागले म्हणून दुखतंय’ हे नेहमीच खरं नसतं. कधी ती उडालेली झोप, त्या जांभया, गोड खायची ती हुक्की ही येऊ घातलेल्या दुखण्याचीच पहिली पावलं असतात, आणि आपण मात्र खापर शंकरपाळ्यांवर फोडतो. अर्धशिशीचं झोपेशी नातं किती खोल असावं? २०१३ साली दोन कुटुंबांत शरीराच्या घड्याळाशी संबंधित एकाच जनुकातले बिघाड सापडले. त्या घरांतल्या माणसांना संध्याकाळीच पेंग येई, पहाटे फार लवकर जाग येई, आणि अर्धशिशीही होती.

महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी, त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं, की डॉक्टर तिला जुनाट म्हणतात. इथवर पोचलेल्या माणसाला दुखत नसतानाही दुखण्याचा धाक असतो. उद्या लग्नाला जायचंय, तिथे उठलं तर? या धास्तीनं रात्री डोळा लागत नाही. अपुऱ्या झोपेनं मेंदू आणखी हळवा होतो. मग खबरदारी म्हणून आधीच एक गोळी. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस, अर्धशिशीवरची ट्रिप्टान औषधं किंवा मिश्र गोळ्या १० दिवस, असं काही महिने चाललं तर गोळीच डोकेदुखी पोसू लागते. पर्समधली ती गोळ्यांची पट्टी हे मला या आजाराचं सर्वांत फसवं रूप वाटतं.

शेजारच्या कर्नाटकातल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचं प्रमाण सुमारे २५ टक्के निघालं. जगभर बायकांत हा आजार पुरुषांच्या अंदाजे दोन ते तीन पट. घरात सर्वांत उशिरा निजणारी आणि सर्वांत आधी उठणारी कोण, हे काही पाहणी करून कळायला नको. तिच्या दुखण्याला ‘नाटकं’ म्हणणाऱ्यांनी तिचं घड्याळ एकदा पाहावं.

आता उपचारांचं. अर्धशिशीच्या वेदनेत भाग घेणारा सीजीआरपी नावाचा रेणू अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून वापरात आली. त्या संशोधनाला २०२१ चा ब्रेन प्राइझही मिळाला. पण मला त्याहून मोह पडतो तो नॉर्थ कॅरोलायनातल्या २००७ च्या एका छोट्या प्रयोगाचा. जुनाट अर्धशिशीच्या ४३ बायका; त्यातल्या एका गटाला नेहमीच्या उपचारांच्या जोडीला झोपेची शिस्त सांगितली. रोज ठरल्या वेळी आडवं व्हायचं, अंथरुणात आठ तास, रात्रीचं जेवण निजण्याच्या चार तास आधी, दुपारची डुलकी बंद, अंथरुणात टीव्ही नाही, वाचन नाही. त्यातल्या अनेकजणींची डोकेदुखी जुनाट राहिली नाही; ती पुन्हा अधूनमधून येणारी झाली. प्रयोग लहान होता, हे खरं. औषधं सोडा असंही कुणी म्हणत नाही. ती डॉक्टरांना विचारूनच बदलायची, आणि त्यांना डोक्याबरोबर झोपेचं व धास्तीचंही सांगायचं.

आणि हा अंक तुम्ही रात्री अंथरुणात पडून वाचत असाल, तर इथेच मिटा. उरलेला उद्या वाचा.