केमोची तारीख सांभाळणारी माणसं

कॅन्सर समजून घेताना : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण वृषणाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेपर्यंत आलो होतो. जांघेत चीर देऊन वृषण काढलं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, रक्तातले एएफपी आणि बीटा-एचसीजी हे मार्कर पुन्हा तपासून झाले. सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या मागच्या बाजूला सुजलेल्या लसीका गाठी दिसल्या आणि डॉक्टर म्हणाले, ‘बीईपीच्या तीन सायकल घेऊ.’ इथपर्यंत बरेच तरुण एकट्यानं निभावून नेतात. घरी ‘हर्नियाचं ऑपरेशन आहे’ असं सांगून दाखल झालेलेही असतात. पुढचा टप्पा मात्र एकट्याच्या आवाक्यातला नाही, आणि त्याचं कारण या केमोच्या वेळापत्रकात आहे.

बीईपी म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन. एक सायकल 21 दिवसांची. पहिले 5 दिवस रोज सिसप्लॅटिन आणि इटोपोसाइड, जोडीला कित्येक बाटल्या सलाईन, कारण सिसप्लॅटिन मूत्रपिंडांवर बेततं. ब्लिओमायसिन आठवड्यातून एकदा. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यातही एकेक फेरी असतेच. बाविसाव्या दिवशी पुढची सायकल. सौम्य गटातल्या रुग्णाला सहसा तीन, आजार अधिक पसरलेला असेल तर चार.

इतर काही कॅन्सरांत काउंट खाली आले की डॉक्टर आठवडाभर थांबतात, डोस थोडा उतरवतात. इथं तसं करायला ते सहजी तयार होत नाहीत. वृषणाचा कॅन्सर पसरलेला असतानाही बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो. पण औषध पुरतं आणि ठरल्या दिवशी पोटात, म्हणजे शिरेत, गेलं तर. ताप असेल, पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या असतील किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील तरच तारीख पुढं ढकलायची, असा साधारण संकेत आहे. ‘थोडं बरं वाटलं की जाऊ’, ‘मावसबहिणीचं लग्न उरकून घेऊ’ याला इथं जागा नाही. म्हणून माझ्या लेखी सोबत्याचं पहिलं काम धीर देणं हे नव्हे, तारीख सांभाळणं हे आहे.

हे किती कठीण होतं ते या औषधाच्याच इतिहासात दिसतं. 1965 साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, पण विजेमुळे नव्हे. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रवात उतरलेल्या संयुगामुळे. त्यातून सिसप्लॅटिन पुढं आलं. 1974 मध्ये इंडियाना विद्यापीठातले तरुण डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते आणखी दोन औषधांबरोबर वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी वापरून पाहिलं. तोवर या अवस्थेतले फार थोडे रुग्ण वाचत. त्यांच्या रुग्णांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण अर्ध्याच्या पुढं गेलं. पण किंमत जबर होती. उलट्या दिवसात दहा-दहा वेळा होत, आणि त्या थांबवणारं धड औषध नव्हतं. ऑनडान्सेट्रॉन बाजारात यायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. मधल्या काळातल्या रुग्णांनी चार-चार सायकल कशा पुऱ्या केल्या असतील? बादली धरणारं, चादर बदलणारं, पुढच्या तारखेला हाताला धरून पुन्हा नेणारं कुणीतरी असल्याशिवाय ते जमलं नसतं. संशोधन-निबंधात अशा माणसांचा रकाना नसतो.

आज उलट्यांचा त्रास बराच आटोक्यात असतो. सोबत्याचं कामही त्यामुळे बदललं आहे. बादलीची जागा थर्मामीटर आणि वहीनं घेतली आहे.

तापाचंच घ्या. ब्लिओमायसिन दिल्याच्या संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येणं नेहमीचं आहे. दुसऱ्या दिवशी तो बहुधा उतरलेला असतो. सायकलच्या दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास आलेल्या तापाचा अर्थ अगदी वेगळा. तेव्हा पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात, आणि साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो. आकडा तोच, 100.4 फॅरनहाइट, पण दिवस कोणता यावर सगळं अवलंबून. रुग्णाला त्या वेळी दिवसांचा हिशेब राहत नाही. त्यामुळे कितवा दिवस चालू आहे हे सोबत्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. ताप कोणत्याही दिवशी आला तरी हॉस्पिटलला फोन करायचाच. मात्र या मधल्या दिवसांत सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजताही निघायचं. आणि आधी क्रोसिन देऊन ‘बघू उतरतो का’ म्हणायचं नाही. गोळीनं ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो, आणि तपासणाऱ्या डॉक्टरला थर्मामीटर खोटं सांगतं. आपल्याकडच्या घरांत सगळ्यांत जास्त चूक नेमकी इथं होते, तीही प्रेमापोटी.

प्रेमापोटी आणखीही बरंच काही येतं. प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा, कुणा वैद्यानं दिलेली भुकटी. आणणाऱ्याचा अपमान न करता ते बाजूला ठेवणं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय न देणं, हे काम रुग्णाच्या अंगावर टाकू नये. आत्याला नाही म्हणण्याइतका दम त्याच्यात उरलेला नसतो.

वहीत तापाखेरीज काय लिहायचं? लघवी किती झाली. कानात गुणगुण आहे का, हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात का. दोन्ही सिसप्लॅटिनचे परिणाम. कोरडा खोकला किंवा जिना चढताना धाप लागते का. ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकतं, आणि ती वेळेत कळली तर ते थांबवून वेगळं औषध देता येतं. या काळात सिगारेट ओढणं म्हणजे त्या इजेला आमंत्रण. मार्करचे आकडेही तारखेसह लिहावेत. एएफपी साधारण 5 ते 7 दिवसांत निम्म्यावर यायला हवं, बीटा-एचसीजी त्याहून लवकर. आकडा अपेक्षेप्रमाणे उतरतोय का, हा प्रश्न ओपीडीच्या गर्दीत सोबत्यानं विचारला तर डॉक्टर वैतागत नाहीत, उलट खुर्ची सरकवून बसतात.

एक प्रश्न मात्र पहिल्या सलाईनच्या आधीच विचारावा लागतो. वीर्य साठवून ठेवायचं का? केमोनंतर अनेकांची शुक्राणूनिर्मिती एक-दोन वर्षांत पुन्हा सुरू होते, पण खात्री देता येत नाही. बावीस-चोवीस वर्षांचा मुलगा हे आईसमोर बोलत नाही, वडिलांसमोर तर नाहीच, आणि दोन दिवसांत केमो सुरू होऊन विषय संपतो. हा प्रश्न मित्रानं किंवा थोरल्या भावानं मांडावा. डॉक्टरांना बाहेर गाठून, हवं तर चिठ्ठीवर लिहून. लग्न झालेलं असेल तर बायकोनं. आपल्या घरांत या आजाराची लाज मुख्यतः ‘पुढं लग्न जमेल का’ या काळजीतून येते, आणि त्याच काळजीवरचा व्यावहारिक उपाय लाजेपायी राहून जातो!

मित्रांबद्दल थोडं अधिक. पंधरा ते पस्तिशीच्या वयोगटातला हा आजार. म्हणजे भेटायला येणारे सगळे त्याच वयाचे, आणि काय बोलावं हे कुणालाच कळत नसतं. ‘तू फायटर आहेस’ म्हणून पाठ थोपटणारे पहिल्या सायकलला येतात. मला ते वाक्य फारसं आवडत नाही. उद्या ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला वाटतं, आपण लढाईत कमी पडलो. लान्स आर्मस्ट्राँगच्या आत्मकथनामुळे या आजाराभोवती इच्छाशक्तीचं वलय तयार झालं. 1996 मध्ये त्याचा आजार फुप्फुसांत आणि मेंदूत पोचला होता. पण त्याची बहुतेक केमोही आइनहॉर्न यांच्याच इंडियानात झाली, आणि सायकलपटूची फुप्फुसं जपावीत म्हणून ब्लिओमायसिन बदलून दुसरं औषध तिथं दिलं गेलं. उत्तेजक प्रकरणात त्याची विजेतेपदं गेली, पण तो बरा झाला हे काही खोटं नाही, आणि त्याचं बरंचसं श्रेय सिसप्लॅटिनचं आहे. तेव्हा मित्रांनी भाषणं न देता वाटण्या कराव्यात. पाचही दिवस एकेकानं पाळी घ्यावी, एकानं औषधाच्या बिलांची फाइल सांभाळावी. ज्याला काहीच सुचत नाही त्यानं शेजारी बसून मॅच बघावी. तेही काम आहे.

युवराजसिंगची गोष्ट आपल्याला माहीत आहे असं वाटतं, पण तिचा एक धागा सुटतो. 2011 च्या विश्वचषकात 362 धावा आणि 15 बळी घेऊन तो मालिकावीर ठरला, तेव्हाच खोकला आणि उलट्या सुरू होत्या. पुढं दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत सेमिनोमा निघाला. वृषणात होतो त्याच कुळातला हा कॅन्सर, क्वचित छातीत उगवणारा. औषधंही त्याच घराण्यातली. 2012 च्या सुरुवातीला तो इंडियानापोलिसला आइनहॉर्न यांच्याकडे गेला आणि केमोच्या तीन सायकल घेतल्या. आई शबनम या सगळ्या काळात सोबत राहिल्या. अनिल कुंबळे तिथं जाऊन भेटून आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युवराज पुन्हा भारताकडून खेळला. बातम्यांत ती ‘झुंज’ म्हणून आली. मला त्यात परदेशातल्या घरात मुलाच्या जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा पाळत बसलेली आई जास्त दिसते.

प्रत्येकाला इंडियानापोलिस नको आहे, आणि गरजही नाही. तिन्ही औषधं जुनी आहेत, भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, महाराष्ट्रात जनआरोग्य योजनेतून कॅन्सरची केमो होते. अडचण येते ती राहण्याची आणि येण्याजाण्याची. परळच्या टाटा हॉस्पिटलात लातूर, जळगाव, सिंधुदुर्गहून येणाऱ्यानं एकवीस दिवस राहायचं कुठं? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही त्यासाठीच उभी आहेत, पण जागा मिळवायला कुणीतरी रांगेत उभं राहावं लागतं. मधली ब्लिओमायसिनची फेरी गावाजवळच्या केंद्रात देता येईल का, हेही पहिल्याच भेटीत विचारावं. रेल्वे कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत देते, आणि त्याच्याबरोबरच्या एका माणसाला 75 टक्के. हॉस्पिटलचा दाखला लागतो. रुग्ण एकटा प्रवास करणार नाही हे रेल्वेनं गृहीत धरलं आहे, घरच्यांनीही धरावं.

तिसरी सायकल संपली की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि पांगतात. रुग्णाचा थकवा मात्र महिनोन्‌महिने टिकतो, बोटांतल्या मुंग्या कधी कधी नंतरच वाढतात. स्कॅनच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. वही तेव्हाही चालू ठेवावी. त्यात एक ओळ ठळक लिहावी : ब्लिओमायसिन घेतलं आहे. पुढं आयुष्यात कधीही, अगदी अपेंडिक्ससाठी, भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला ते आधी सांगायचं, कारण शस्त्रक्रियेत दिला जाणारा जास्तीचा ऑक्सिजन अशा फुप्फुसांना बाधू शकतो. दहा वर्षांनी रुग्ण हे विसरलेला असतो. तारखांची वही ज्यानं ठेवली, त्याला बहुधा आठवतं.

पुढच्या आठवड्यात : केमोनंतरही पोटात उरलेल्या गाठींचं काय करतात?