प्रोस्टेटचा कर्करोग : पसरताना रूप पालटणाऱ्या पेशी

प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बरा होऊ शकतो. शरीरात इतरत्र पसरल्यावर मात्र तो आवरणे कठीण जाते. याचे एक प्रमुख कारण म्हणजे पसरणाऱ्या पेशी मूळ गाठीतील पेशींसारख्या राहत नाहीत.

ग्रंथीतील पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनामुळे एकमेकींना चिकटून असतात. काही कर्कपेशींमध्ये हे प्रथिन घटते. अशा पेशी सुट्या होऊन रक्तावाटे वा लसिकावाहिन्यांतून दूरवर जातात. त्यांतील बहुसंख्य वाटेतच नष्ट होतात. बचावलेल्या अनेक पेशी मणके, कमरेची हाडे व बरगड्यांत स्थिरावतात. तेथे त्या हाड घडविणाऱ्या पेशींना चेतवतात. परिणामी दाट परंतु कमकुवत हाड तयार होते आणि वेदना सुरू होतात.

या पेशींची वाढ पुरुषी संप्रेरकांवर अवलंबून असते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरके रोखली की रोग सहसा ओसरतो; पण कालांतराने पेशी त्यातूनही मार्ग काढतात. काही पेशी संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहक-प्रथिनाची संख्या वाढवतात. काहींमध्ये या प्रथिनाचा संप्रेरकाशी जोडला जाणारा भागच गळून पडतो आणि ते संप्रेरकाविना कार्यरत राहते.

अबिरॅटेरोन व एन्झालुटामाइड या औषधांनी अनेक रुग्णांचे आयुष्य वाढले आहे. तथापि काही पेशी संप्रेरकांचा मार्गच सोडून देतात. आरबी१ व टीपी५३ ही नियंत्रक जनुके निकामी झाल्यावर त्या चेतापेशींशी साम्य असलेले नवे रूप धारण करू शकतात. अशा वेळी रोग वाढत असूनही रक्तातील पीएसएचे प्रमाण फारसे वाढत नाही.

म्हणूनच रोग पसरलेल्या रुग्णांच्या बाबतीत केवळ पीएसएवर विसंबून चालत नाही. गरजेनुसार नव्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासला जातो. जनुकीय चाचणीही केली जाते. बीआरसीए२ सारख्या जनुकात दोष आढळल्यास ओलापॅरिब हे औषध उपयोगी ठरू शकते. अमेरिकेत २०२० मध्ये या वापरास मान्यता मिळाली. अशा रुग्णाला पाठदुखीबरोबर पायांत अशक्तपणा जाणवल्यास मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्या स्थितीत तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते.